चौदा पाट, एक वाढपी

सकाळी नऊला एक आणि संध्याकाळी पाचला एक, असे दोन फोन नाथा म्हसकर रोज करायचा. दोन्ही मुंबईच्या कंट्रोल रूममध्ये बसणाऱ्या चंदूला. जेवलास का, बरा आहेस का, असलं काही त्यात नसायचं. नाथा एक आकडा सांगायचा, चंदू तो मशीनमध्ये घालायचा, फोन बंद.

"एक."

"झालं, काका."

शनिवार असला की, "पाच."

"पाच जरा जास्त होतात, काका."

"पाच म्हटलं ना."

सन एकोणीसशे नव्याण्णव. बदलापुरात मोबाइल आला होता, पण तो खिशात असणारा माणूस अजून रस्त्यात थांबून बोलायचा आणि लोकं वळून बघायची. कंपनीचा टॉवर कात्रपमध्ये एका चार मजली बिल्डिंगच्या गच्चीवर. लिफ्ट नाही. टॉवरच्या पायाशी, गच्चीवरच, पत्र्याच्या खोलीत मशीन, त्यात दोन कार्डं. एका कार्डावर आठ वाटा, म्हणजे सोळा. त्यातल्या दोन टॉवरच्या स्वतःच्या कामाला जायच्या. उरल्या चौदा. एका वेळी चौदा जणांनी बोलायचं. पंधराव्याला टूं-टूं.

कोणी नवा इंजिनियर आला की नाथा त्याला हे पंगतीवरून समजावायचा. कंपनीच्या पुस्तकात ते पंचवीस पानं होतं, नाथाचं आठ वाक्यांत व्हायचं.

"चौदा पाट मांडलेत समजा. बदलापुरातला माणूस फोन लावतो, तो दारातून आलेला नवा जेवणारा. दुसरा एक असतो, तो अंबरनाथच्या टॉवरवर बोलत बोलत गाडीनं इकडं येतो. तो हातात ताट घेऊन आलाय, अर्धा जेवलेला. त्याला पाट नाही दिला तर त्याचं बोलणं मधेच तुटणार. भरल्या ताटावरून माणूस उठवू नये, एवढं आपल्यात शेंबड्या पोराला कळतं. म्हणून त्याच्यासाठी थोडे पाट अडवून ठेवायचे. दारात नवा ताटकळला तरी त्या पाटांवर त्याला बसवायचं नाही."

"किती अडवायचे?"

"तेच तर रोज सांगतो चंदूला."

कंपनीच्या कागदावर आकडा होता तीन. सोमवार असो, शनिवार असो, सकाळ असो, संध्याकाळ असो, तीन. बदलायचा तर महिन्यातून एकदा, छापील फॉर्म भरून, प्लॅनिंगच्या शरदचंद्र सबनीस साहेबांच्या सहीनं. पण नाथानं पहिल्याच महिन्यात छापून आलेले कागद चाळले आणि त्याला दिसलं की आठवड्याच्या दिवशी सकाळी अंबरनाथहून ताट घेऊन येणारा जवळजवळ कोणी नसतो. तीन पाट रिकामे, अकरावर गर्दी, दारात माणसं. आणि शनिवारी संध्याकाळी वांगणीच्या फार्महाऊसवर जाणाऱ्या गाड्या एकामागोमाग एक बोलतच यायच्या, तेव्हा तीन पुरायचे नाहीत. त्यानं चंदूला गाठलं. चंदू मूळचा डोंबिवलीचा, पोरगेला, पण डोकं ठिकाणावर. तो म्हणाला, "काका, फॉर्मबिर्म राहू दे. तुम्ही बोला, मी टाकतो. विचारतंय कोण?"

तेव्हापासून दोन वर्षं हे चाललेलं. कोणाला माहीत नाही, कुठं लिहिलेलं नाही.

नाथाला एवढंच करून भागत नव्हतं. पंगतीत नाना तऱ्हेची माणसं. वांगणीला एक फार्महाऊसवाला होता, तो कॉम्प्युटर मोबाइलला जोडून शेअरबाजाराचे भाव मागवायचा. दोन-दोन तास एक पाट अडवून. नाथा त्याच्या गेटवर जाऊन हात जोडून म्हणाला, "साहेब, तुमचं ताट संपतच नाही. दुपारी साडेतीननंतर केलंत तर बरं." तो माणूस चांगला निघाला. म्हणाला, साडेतीनला बाजार बंद होतो, पण आकडे तेव्हाही घेता येतील.

आणि लोकूमल. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातला जीन्सवाला. कापलेला माल बदलापूरच्या शिलाईच्या गाळ्यांत द्यायचा, शिवून परत न्यायचा. त्या काळी फोन उचलणाऱ्यालाही मिनिटाचे पैसे पडायचे. म्हणून लोकूमलनं घंटीची भाषा बसवली होती. एक घंटी म्हणजे टेम्पो निघाला. दोन म्हणजे माल तयार. तीन म्हणजे चेन संपल्या. गाळ्यांत त्याचीच वीस-पंचवीस माणसं, सगळ्यांना हाच नाद. फोन उचलायचा कोणीच नाही. पण घंटी वाजत असेपर्यंत पाट तर अडतोच. नाथाला कागदावर दिसायचं, दहा ते बारा शेकडो कॉल, बोलणं शून्य सेकंद.

तो लोकूमलच्या गाळ्यात जाऊन बसला.

"साईं, कधीतरी उचला की फोन."

"उठाया तो पैसा लगता है, नाथाभाऊ. घंटी तो भगवान की है."

"तुमची घंटी माझ्या पाटावर बसते."

"तो बैठने दो ना. जेवत थोडी आहे बिचारी."

नाथाला हसू आलं, पण तो उठला नाही. चहा झाला. दुसरा चहा झाला. शेवटी लोकूमल म्हणाला, "ठीक आहे बाबा. दहाच्या आधी आपल्या घंट्या उरकून घेतो. तुझा चेहरा बघून. इतका थकेला माणूस आमच्या कॅम्पात नाही."

थकलेला तो होताच. वय सत्तेचाळीस, पण कंपनीत सगळे काका म्हणायचे ते उगाच नाही. मांजर्लीच्या बुधाजी म्हसकराचा हा मुलगा. नदीकाठची दोन एकर भातजमीन, अंबरनाथला आयटीआय, आणि एकोणऐंशी साली तिथल्याच एका केमिकल कारखान्यात वायरलेसच्या खोलीत नोकरी. तिथं बावीस सेट आणि चॅनल एकच. गेट, स्टोअर, बॉयलर, फायर, अँब्युलन्स, साहेब लोकं, सगळे त्या एका वाटेवर. एकानं बोलायचं, एकवीस जणांनी गप्प. ते गप्प बसवण्याचं काम नाथाकडं. "स्टोअर, थांब. बॉयलर, बोल. गेट, तुला दोन मिनिटांनी." चौदा वर्षं हेच. शहाऐंशीत दुसरा चॅनल घ्यायचं निघालं होतं. मॅनेजर स्वतः खोलीत येऊन तासभर बसले. नाथानं त्या तासात सगळं असं सुरळीत चालवलं की ते उठताना म्हणाले, "अरे, हे तर छान चाललंय." चॅनल आला नाही. वार्षिक समारंभात नाथाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

त्र्याण्णवला कारखाना बंद पडला. मग चार वर्षं केबलची वायर ओढ, अँटेना लाव, टेपरेकॉर्डर दुरुस्त कर. सत्त्याण्णवला मोबाइलच्या कंपनीनं त्याला कामावर घेतलं.

त्याची बायको वेणूबाई कमी बोलायची. पण एकदा तो सांगत होता की साहेबांनी बदलापूरचे आकडे मीटिंगमध्ये दाखवले, सगळ्यांत चांगले म्हणून, तेव्हा ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तुमी भागवून नेताव, म्हणून तुमाना कोण काय देत नाय."

तांदूळ ती निवडत होती ते बोटांनी. खडा दिसत नव्हता, लागायचा. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, उजव्यात धरला होता. कात्रपच्या रस्त्यावर डॉक्टर कुमुदिनी बाईंचं प्रसूतिगृह, त्यांच्याकडं वेणूबाई बरीच वर्षं जायची. त्यांनीच उल्हासनगरच्या ट्रस्टच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. ऑपरेशननंतर आठ दिवस दर दोन तासांनी थेंब, वाकायचं नाही, शिंकायचं नाही, जवळ माणूस हवं. मुलगा वापीला. मुलगी कर्जतला, तिच्या कडेवर सहा महिन्यांचं. जवळ राहायचं म्हणजे नाथानंच.

तारीख दोनदा पुढं गेली. दोन्ही वेळा नाथामुळं. कंपनीत रजा मिळत होती, पण नऊ आणि पाचचा आकडा कोण सांगणार? आकडा सांगायचा तर आधी गच्चीवर जाऊन मशीन बघावं लागायचं, कुठल्या पाटावर कोण आहे ते. टॉवर सोडून जाता येत नाही असं तो म्हणायचा.

"टावर काय तान्हा हाय?" वेणूबाई म्हणाली. तिसरी तारीख तिनं स्वतःच घेतली, नोव्हेंबरातला सोमवार, आणि नाथाला दोन दिवसांनी सांगितली.

नेमके त्याच्या आदल्या आठवड्यात सबनीस साहेब कात्रपला आले. चार मजले चढून धापा टाकत पत्र्याच्या खोलीत बसले आणि म्हणाले, "म्हसकर, माझ्याकडे एक कार्ड शिल्लक आहे. फक्त एक. बदलापूरला देऊ की उल्हासनगरच्या टॉवरला, ते ठरवायचंय."

नाथानं हिशेब केला. एक कार्ड म्हणजे आणखी आठ वाटा. चौदाचे बावीस पाट. बावीस असले तर पाच पाट कायमचे अडवून ठेवले तरी दारात कोणी राहत नाही. मग रोजचा आकडा नको, नऊ नको, पाच नको. माणूस आठ दिवस कुठंही जाऊ शकतो.

"साहेब, इकडंच द्या."

"का? तुमचं बदलापूर तर फर्स्ट क्लास आहे." त्यांनी कागद उलगडला. "शंभरात तीन परत जातात. उल्हासनगरला नऊ जातात. असं करू, पुढच्या सोमवार ते रविवार दोन्हीकडचे आकडे बघतो. जिथं जास्त माणसं दारात, तिकडं कार्ड."

ते गेल्यावर नाथानं चंदूला फोन लावला. त्या दिवशी नऊ आणि पाच सोडून पहिल्यांदाच.

"काका, तुम्ही पण ना," चंदू म्हणाला. "देवानं ताट वाढून समोर ठेवलंय. तुम्हाला त्याच आठवड्यात काकूंना घेऊन जायचंय ना? जा बिनधास्त. मला फोन करू नका. मी कागदावरचे तीन ठेवतो. नियमानं. आकडे सडतील, साहेब बघतील, कार्ड येईल. खल्लास."

"आणि लोकं?"

"एक आठवड्यात कोण मरत नाही, काका. परत लावतील फोन."

चंदूचं चूक काय होतं? खोटं काहीच करायचं नव्हतं. उलट दोन वर्षं जे चोरून चाललं होतं तेच बंद करायचं होतं. पंगत कंपनीची, वाढपी आपण कशाला व्हायचं?

"बरं," तो म्हणाला.

लोकूमलला त्यानं सांगितलं नाही. वांगणीच्या माणसाला सांगितलं नाही. कुमुदिनी बाईंच्या दवाखान्यासमोरून तो रविवारी गेला, वेणूबाईचे कागद घ्यायला, तेव्हा बाई म्हणाल्या, "रस्ता खणल्यापासून आमचा साधा फोन अजून मुकाच आहे हो. तुमच्या मोबाइलवर चाललंय सगळं." तो मोबाइल घ्यायला बाईंना नाथानंच लावलं होतं. तेव्हाही तो काही बोलला नाही. कागद घेतले आणि निघाला.

सोमवारी ऑपरेशन झालं. वेणूबाईला दहा खाटांच्या लांब वॉर्डात कोपऱ्यातली खाट मिळाली. डाव्या डोळ्यावर पट्टी आणि वर हिरवं टोपण. नाथा खाटेखाली चटई टाकून. कंपनीचा मोबाइल त्यानं बंद करून पिशवीच्या तळाशी घातला, वर टॉवेल, त्यावर वेणूबाईची साडी.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता तो उठून दारापर्यंत गेला आणि परत आला.

"कुठं निंगालाव?" वेणूबाईनं विचारलं. पडल्या पडल्या तिला पावलांवरून कळायचं.

"पाणी आणतंय."

"पानी हाय तांब्यात."

तो चटईवर बसला. संध्याकाळी पाचलाही तसंच झालं. शेजारच्या खाटेवर वांगणीची मोतीबाई म्हणून म्हातारी होती, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. ती वेणूबाईला म्हणाली, "तुजा घरवाला लय फिरतंय गो. त्याना वायचं बसव."

"त्याना बसाची सवय नाय. चौदा मानसं बसवाची सवय हाय," वेणूबाई म्हणाली.

बुधवारी नाथा दुपारी चार तास गाढ झोपला. दोन वर्षांत असा झोपला नव्हता. उठला तेव्हा त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय याचंच वाईट वाटलं. तिकडं काय चाललं असेल याचा विचार त्यानं करायचा नाही असं ठरवलं आणि विचार करत राहिला. दहा वाजता शिलाईच्या घंट्या. नाथा दिसत नाही म्हटल्यावर लोकूमलची पोरं कुठली वेळ पाळणार? तीन पाट रिकामे, अकरावर नुसत्या घंट्या बसलेल्या, आणि ज्याला बोलायचं तो दारात.

गुरुवारी बाराच्या सुमाराला कुमुदिनी बाई वॉर्डात आल्या. उल्हासनगरला काही काम होतं, जाता जाता वेणूबाईला बघायला. त्यांनी टोपण उचलून डोळा पाहिला, चांगलं आहे म्हणाल्या, मोतीबाईचीही विचारपूस केली. मग नाथाकडं वळल्या.

"नाथाभाऊ, तुमच्या टॉवरला काय झालंय?"

"का, बाई?"

"काल सकाळी दहाला एक बाई अडली. सिझर करायचं ठरलं. भूल द्यायला डॉक्टर अंबरनाथहून येतात, त्यांना बोलवायचं. मी एकोणीस वेळा बटण दाबलं. मोजलं मी. टूं-टूं, टूं-टूं. शेवटी कंपाउंडरला स्कूटरवर पाठवलं. पन्नास मिनिटं गेली."

नाथाच्या हातात थेंबांची बाटली होती. ती त्यानं खाली ठेवली.

"बाळ बरं आहे," बाई म्हणाल्या. "आई पण बरी आहे. पण ती पन्नास मिनिटं मी त्या बाईचा हात धरून उभी होते, आणि मला घड्याळाकडं बघवत नव्हतं. बिघडलंय का काही?"

कार्ड बिघडलं होतं म्हणता आलं असतं. वीज गेली होती म्हणता आलं असतं, बदलापुरात वीज गेली हे कोणी खोटं ठरवत नाही.

"बिघडलं नाही," नाथा म्हणाला. "मी नव्हतो."

"म्हणजे?"

त्यानं सांगितलं. आकडा, चंदू, तीन आणि एक, सबनीस साहेब, कार्ड, सगळं. कुमुदिनी बाई खाटेच्या कडेला बसून ऐकत राहिल्या. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं झालं होतं. वीस वर्षं अवेळी उठलेली बाई ती. चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर नाथाला सोपं गेलं असतं.

"तुम्ही एक आठवडा हात काढून घेतलात, त्याचं मी काही म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हालाही घर आहे. पण रविवारी माझ्या दारात उभे होतात. मला सांगायचं होतं ना. मी आठ दिवस दाराशी रिक्षा उभी ठेवली असती. तेवढं मला करता आलं असतं."

बाई उठल्या, वेणूबाईच्या पायावर थोपटून गेल्या.

दोन वाजता थेंब घालायची वेळ झाली. नाथानं टोपण काढलं, बाटली उलटी धरली. पहिला थेंब गालावर पडला. दुसरा उशीवर.

"तुमचा जीव टावरवर हाय," वेणूबाई म्हणाली. "आदी जाऊन फोन करा, मग घाला."

"कार्ड जाईल मग."

"डोला जाईल माजा. असा थेंब घालताव ना, तो."

मोतीबाई पट्ट्यांखालून हसली.

पिशवीतला मोबाइल तसाच राहिला. हॉस्पिटलच्या फाटकाशी एसटीडीचा बूथ होता, पिवळ्या अक्षरांचा. नाथा त्यात शिरला, काचेचं दार लावून घेतलं आणि नंबर फिरवला.

"काका? अहो, आज गुरुवार. फक्त तीन दिवस राहिलेत. आकडे काय सडलेत, एकदम मस्त. शंभरात अठरा परत. उल्हासनगर मागं पडलं, काका. कार्ड आपलं झालंय."

"एक कर."

"काका, ऐका माझं..."

"चंदू. एक."

पलीकडं बोटं मशीनवर पडल्याचा आवाज आला. "झालं," चंदू म्हणाला. त्याचा आवाज पडला होता.

परत येऊन नाथानं थेंब घातले. दोन्ही थेंब डोळ्यात पडले. शनिवारी पाच वाजता तो परत बूथवर गेला आणि "पाच" म्हणाला. गच्चीवर न चढता, मशीन न बघता, नुसत्या अंदाजानं. दोन वर्षांत त्याला पंगत पाठ झाली होती, हे त्याला स्वतःला तेव्हाच कळलं.

आठ दिवसांनी वेणूबाई घरी आली. नाथा कामावर गेला. तिसऱ्या दिवशी सबनीस साहेब पुन्हा चार मजले चढून आले. या वेळी धाप कमी आणि कागद जास्त. त्यांनी मशीनवरच कागद पसरला. सोमवारपासून रेघ वर वर चढत गेलेली, आणि गुरुवारी दुपारी दोनला कोणी सुरीनं कापावी तशी खाली आलेली. तिथून सपाट.

"हे काय आहे, म्हसकर?"

नाथा उभा राहिला. दोन वर्षं फॉर्मशिवाय, सहीशिवाय. नोकरी गेली तर केबलवाला अजून ओळख देतो, असा हिशेब त्यानं येता येताच केला होता.

"मी चंदूला विचारलं," साहेब म्हणाले. "त्यानं सांगितलं सगळं. तुम्ही हॉस्पिटलच्या बूथवरून हे केलंत?"

"हो, साहेब."

"मशीन न बघता?"

"हो."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हरवलेली वस्तू दुसऱ्याच खिशात सापडल्यावर असतो तसा चेहरा होता. "अहो, आमचे पंचवीस पानं शिकलेले इंजिनियर हे करू शकत नाहीत. एक फोन, आणि शंभरात अठराचे तीन. कार्डाशिवाय."

"साहेब, ते तीन तरी दारात उभे राहतातच. कमी राहतात, एवढंच."

"राहणारच. कुठं राहत नाहीत?"

"गेल्या आठवड्यात एक बाळंतीण..."

"म्हणून तर म्हणतो. तुम्ही होतात म्हणून ते परत जागेवर आलं." त्यांनी कागदाची घडी केली. "कार्ड उल्हासनगरला देतो. तिथं तुमच्यासारखा माणूस नाही. आणि अंबरनाथचा टेक्निशियन पुढच्या महिन्यात सोडून चाललाय. पहिल्या तारखेपासून तो टॉवरही तुमच्याकडं. चंदूला मी सांगतो, तुमचा शब्द आला की फॉर्म नको. आता उघड करा. हवं तर पत्र देतो तसं."

पत्र त्यांनी खरंच दिलं. कंपनीच्या शिक्क्याचं, नाथाच्या नावापुढं श्री. लावून.

संध्याकाळी नाथानं ते वेणूबाईला वाचून दाखवलं. तिनं डावा डोळा बारीक करून कागदाकडं पाहिलं. अक्षरं तिला येत नव्हती, पण शिक्का निळा आहे हे दिसलं, आणि ते ती दोनदा म्हणाली. मग विचारलं, "पगार?"

"त्याचं काय लिवलं नाय."

तिनं कागद परत दिला आणि भाकरी थापायला बसली. तवा तापल्यावर म्हणाली, "बाईना जाऊन भेटा."

दुसऱ्या दिवशी तो प्रसूतिगृहात गेला. बाहेर बाकावर दोन पोटुशा बाया आणि त्यांच्या सासवा. कुमुदिनी बाईंनी त्याला आत बोलावलं. टेबलाच्या काचेखाली ड्यूटीचा कागद, मागं भिंतीवर कॅलेंडर.

"कार्ड येणार नाही," नाथा म्हणाला. "सांगायला आलो. आणि अंबरनाथपण माझ्याकडं आलंय. त्या टॉवरची मला अजून काही माहिती नाही. पहिले दोन आठवडे तिथं जाऊन बसावं लागेल. तेवढे दिवस इकडं सकाळी दहा ते बारा तुमचा फोन लागेलच असं नाही. आणि शनिवारी संध्याकाळी पाच ते आठ नाहीच लागणार. हायवेची गर्दी असते. तेव्हा त्यांना पाट द्यावे लागतात, तुमचे काढून."

बाईंनी पेन उचललं. "दहा ते बारा. शनिवार पाच ते आठ." कॅलेंडरवर लिहिलं. "रविवार?"

"रविवारचं अजून कळलं नाही. कळलं की सांगतो."

"रिक्षावाल्याला सांगून ठेवते." त्या लिहिता लिहिताच म्हणाल्या, "आणि वेणूबाईंचा उजवा डोळा? मी तिकडच्या डॉक्टरांशी बोलले. जानेवारीत करा म्हणतात."

नाथानं बोटांवर मोजलं. जानेवारी म्हणजे दीड महिना. दोन टॉवर.

"मार्चपर्यंत थांबता येईल का?"

"येईल. पण आता वरवर दिसतंय म्हणून त्या चुलीशी बसणार, विहिरीवर जाणार, आणि एका डोळ्यावर अंदाज चुकतो. पडल्या तर?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमचं तुम्ही ठरवा. मी तारीख धरून ठेवू की सोडू?"

बाहेर बाकावरची एक सासू सुनेला म्हणत होती, उठून चाल गो वायच, बसून राहू नको. नाथा ते ऐकत उभा राहिला. लोकूमलला सांगायला हवं होतं. वांगणीच्या माणसाला सांगायला हवं होतं. अंबरनाथला कोण कोण आहे ते आधी शोधायला हवं, मग त्यांनाही. आठ दिवस आपण नाही हे आधी सांगितलं तर लोकं करतील आपापली सोय, निदान शिव्या तरी वेळेवर देतील.

"धरा," तो म्हणाला. "कुठला वार?"

"सोमवार. दहा तारीख."

त्यानं खिशातून साहेबांचं पत्र काढलं, दुसरा कागद नव्हता म्हणून, आणि त्याच्या पाठीवर तारीख लिहून घेतली.